विंडोज १० वरून ११ : महिनाभराचा अनुभव, आणि जावं की नाही?

ताकभात :
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, तरी मी चालढकल करत होतो. शेवटी गेल्या महिन्यात लॅपटॉप ११ वर नेला (आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम). आधी तपासणीच्या अ‍ॅपने 'पात्र नाही' असं तोंडावर सांगितलं. घरात नवीन लॅपटॉपच्या गप्पाही सुरू झाल्या. निघालं काय, तर टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद होतं. इंटेलवर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. चालू केलं, काम झालं. पण बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) सुरू आहे का बघा. असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलीत नको!

स्टार्टचं बटण मध्यभागी आलंय. दोन दिवस हात डाव्या कोपऱ्यातच जात होता. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार इथे जाऊन ते डावीकडे आणता येतं. राइट क्लिकचा मेनू अर्धाच दिसतो. शिफ्ट दाबून क्लिक केलं की जुना पूर्ण मेनू येतो. आवडलेली गोष्ट म्हणजे फाइल एक्सप्लोररमधले टॅब. मराठी फोनेटिक कळपाट होता तसाच राहिला.

माझं मत : मशीन पात्र असेल तर उगाच थांबू नका.

छापखानेवाला :
असहमत. तुमचं काम ब्राउझर आणि वर्डमधलं दिसतंय. माझ्याकडे लग्नपत्रिकांचा वीस वर्षांचा मजकूर पेजमेकरमध्ये (पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम) आहे, तोही युनिकोडपूर्व फाँटमध्ये. बिलांचा प्रोग्रॅम डॉसवरच्या फॉक्सप्रोचा. हे सगळं ३२ बिट विंडोज १० वर सुखाने चाललंय, आणि ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. ६४ बिटवर डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम उघडत नाहीत, जुने ३२ बिट ड्रायव्हर बसत नाहीत. म्हणजे अपग्रेड म्हणायचं, आणि प्रत्यक्षात सगळं पुसून नव्याने संसार मांडायचा. बटण मध्ये का डावीकडे, हे रिकामटेकड्यांचे प्रश्न आहेत.

ताकभात :
रिकामटेकडा म्हणा, हरकत नाही. पण सुरक्षिततेचं काय? २०१७ चं वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) विसरलात?

छापखानेवाला :
नाही विसरलो. त्यात सगळ्यात जास्त कुठली मशीन सापडली? विंडोज ७ वाली, आणि तेव्हा ७ ला अपडेट मिळत होते! तो हल्ला मे महिन्यातला, त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच आला होता. लोकांनी तो टाकलाच नव्हता. दोष आवृत्तीचा की आळसाचा?

निळी_छत्री :
काका, मुद्दा बिनतोड आहे, पण तुमच्यावरच उलटतो. तेव्हा टाकायला पॅच तरी होता. आता १० साठी तोही बंद. एक मधला रस्ता आहे : विंडोज अपडेटच्या पानावरून ईएसयूला (मुदत संपल्यावरच्या जादा सुरक्षा अपडेटची योजना) नाव नोंदवलं, तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्टचं खातं मात्र लागतं, आणि १० ची शेवटची, म्हणजे २२एच२ आवृत्ती हवी.

@ताकभात, एक राहिलं. ११ पटलं नाही तर १० दिवसांत मागे फिरता येतं (सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी). तोवर 'जागा मोकळी करा' वाल्या सफाईतून जुनी विंडोज उडवू नका. मी तिसऱ्याच दिवशी हौसेने उडवली, आणि मग मागे फिरायचं बटणच मिळेना.

पेंग्विनप्रेमी :
विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टम टाका. विषय संपला.

छापखानेवाला :
आलात? वाटच बघत होतो. पेजमेकर चालवून दाखवा, छापखाना तुमच्या नावावर करतो.

पेंग्विनप्रेमी :
तुमच्यासाठी नव्हतं हो ते. ज्यांच्याकडे सहाव्या-सातव्या पिढीचं धडधाकट मशीन आहे आणि ११ त्याला अपात्र ठरवतं, त्यांच्यासाठी. चांगली मशीनं भंगारात घालायची का?

ताकभात :
हे मात्र पटतं. टीपीएम असूनही निव्वळ प्रोसेसरच्या पिढीवरून नाकारणं मलाही खटकलं.

निळी_छत्री :
छापखानेवाले काका, तुमच्या त्या मशीनला नेट आहे का?

छापखानेवाला :
वायर केव्हाच काढून ठेवलीय. म्हणूनच निश्चिंत आहे.

निळी_छत्री :
आणि गिऱ्हाइकांचा मजकूर, फोटो?

छापखानेवाला :
व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. मुलाच्या लॅपटॉपवर उतरवून घेतो, तिथून पेनड्राइव्हने.

निळी_छत्री :
मुलाच्या लॅपटॉपवर कुठली विंडोज?

छापखानेवाला :
…१०. बरं, त्याचा लॅपटॉप रविवारी ११ वर नेतो. पीटीटी बायोसमध्ये नेमकं कुठल्या पानावर असतं, तेवढं सांगा. छापखान्यातल्या मशीनला कुणी हात लावायचा नाही.