लहान मूल, आजी आणि वेव्ह पूल

चार वर्षांच्या मुलाला आणि सासूबाईंना मुंबईत गोराईच्या वॉटर किंगडम या वॉटर पार्कला न्यावं का, असं एकांनी विचारलंय. न्या की! फक्त वेव्ह पूलमध्ये, म्हणजे यंत्राने लाटा सोडतात त्या तलावात, कुठे थांबायचं ते आधी ठरवा.

लाटा तयार होतात खोल टोकाच्या भिंतीमागे. बऱ्याच ठिकाणी तिथल्या बंद कप्प्यांत पंख्याने हवा दाबून सोडतात, पाणी ढकललं जातं आणि लाट सुटते. खोल पाण्यात ती नुसती वर-खाली झुलवते, उथळात आली की फुटते. म्हणजे गुडघाभर पाण्यात निर्धास्त उभं असलेलं पोरच आधी पडतं. त्यामुळे "इथे काय, उथळ तर आहे" म्हणून हात सोडू नका. दंडाला लावायच्या फुग्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. लाइफ जॅकेट मागून घ्या. लाइफगार्ड असतात, पण रविवारच्या गर्दीत त्यांना एकेक डोकं दिसणं कठीण. लाटा सतत नसतात, मध्ये पाणी शांत होतं. छोट्याला तेव्हाच खेळू द्या, लाटांचा इशारा झाला की काठावर.

सासूबाईंना साडीत पाण्यात सोडत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. तो त्यांना चालेल का ते घरीच विचारा, तिकीट खिडकीपाशी रुसवेफुगवे नकोत. नाहीतर काठावर पाय भिजवत बसतील, तेही मजेचंच.

आणि मार्वे जेट्टीवरून फेरीबोटीने जा. आमच्याकडच्या पोरांना निम्मी मजा तिथेच येते.