आईचे गुडघे आणि न भरणारी कूर्चा

प्रश्न: आई 68 वर्षांची. जिना उतरताना कठडा घट्ट धरते, उजव्या गुडघ्यातून करकर ऐकू येते. मोडलेलं हाड जुळतं, मग झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, का भरून येत नाही?

उत्तर १: कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. पेशींना पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, तेही दाब पडला-सुटला की. त्यात 2016 साली डॅनिश संशोधकांनी कार्बन-14 (वय ओळखायला वापरतात तो किरणोत्सारी कार्बन) मोजून दाखवलं की मोठेपणी कूर्चेतलं कोलॅजन, म्हणजे तिला बळकटी देणारं प्रथिन, जवळपास नव्याने बनतच नाही. मी प्रयोगशाळेत याच पेशी वाढवते. ते वाचून सुन्न झाले होते.

प्रश्नकर्ती: म्हणजे तिचं चालणं बंद करू नये ना?

उत्तर २: अजिबात नको! माझ्या सासूबाई रोज खुर्चीत बसून पाय सरळ करतात, दहा मोजतात. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. सांधा सुजून गरम लागला तर मात्र आधी डॉक्टर.