खांदेरीचा दिवा इतक्या दुरून कसा दिसतो?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)
अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून रात्री खांदेरी बेटावरचे दीपगृह पाहिले, तेव्हापासून मुलगी दोन गोष्टी विचारते आहे. वीज नव्हती तेव्हा तेलाच्या ज्योतीचा उजेड इतक्या लांब कसा पोहोचत असे, आणि हा दिवा खांदेरीचा आहे, मुंबईच्या प्रॉंग्ज दीपगृहाचा नव्हे, हे तांडेलाला (नाव हाकणाऱ्या नाखव्याला) काळोखात कसे कळते? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
पहिल्याचे उत्तर भिंगात आहे. उघडी ज्योत आकाशाकडे आणि पायथ्याकडेही उजेड सांडते. फ्रेंच अभियंता फ्रेनेल याने १८२२च्या सुमारास मधोमध भिंग व त्याभोवती काचेच्या लोलकांची कडी अशी रचना केली, त्यामुळे तो वाया जाणारा उजेड वळून क्षितिजाच्या दिशेने एकवटू लागला. मोठ्या दीपगृहांत असे टनावारी वजनाचे भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवीत, म्हणून ते हाताने ढकलले तरी फिरे. एरवी ते वजनावर चालणाऱ्या यंत्राने फिरे आणि ते वजन पुन्हा वर ओढणे हे रात्रपाळीच्या रखवालदाराचे काम असे. (पाऱ्याची वाफ त्याच्या प्रकृतीला बाधे, हे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.)

उत्तर २
भिंग कितीही उत्तम असले तरी पृथ्वीची वक्रता आड येतेच. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला साधारण ३.६ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ, समुद्रसपाटीपासून ४९ मीटरवरचा दिवा सुमारे २५ किलोमीटरवरून दिसेल, आणि पाहणारा ९ मीटर उंच डेकवर असेल तर आणखी ११ किलोमीटरची भर पडेल. ओळखीचे म्हणाल, तर किती झोत आणि किती सेकंदांनी, हा क्रम आसपासच्या दिव्यांपेक्षा मुद्दाम निराळा ठेवतात व सागरी नकाशावर छापतात. तांडेल सेकंद मोजतो आणि नकाशाशी ताडून पाहतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण दीपगृहासाठी खांदेरीच का निवडली असावी?

उत्तर ३
दक्षिणेकडून मुंबईत शिरणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच ते बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये तेथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी तो अडवण्यासाठी लढाई केली, तीही याच जागेच्या मोलामुळे. पुढे १८६७मध्ये इंग्रजांनीच तेथे दीपगृह उभारले. आपल्या बडोद्याला जवळचे उदाहरण हवे असेल, तर खंभातच्या आखातात घोघ्याजवळच्या पिरम बेटावरही दीपगृह आहे. तेथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, प्रवाह जोराचे असतात आणि वाळूचे दांडे जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या खुणेवर विसंबून नाव हाकता येत नाही.