एकच प्राइम लेन्स घ्यायचीय, आवडती कशी ठरवलीत तुम्ही?

अर्धवट_क्लिक
लोकहो, कॅनन २००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स, तीन वर्षं तीच चालवतोय. आता एक प्राइम, म्हणजे झूम न होणारी, एकाच आकड्याची लेन्स घ्यायचीय, एकच, दुसरी आणली तर घरात माझ्याशी कुणी बोलायचं नाही. जो भेटतो तो म्हणतो डोळे मिटून ५० एफ/१.८ घे (५० मिमीची, एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त), म्हणून मित्राची दोन दिवस मागून आणली. पोरीचा खिडकीपाशी फोटो काढला, पापणीचा केसन् केस मोजून घ्यावा असा आणि मागचा पडदा पार विरघळलेला, म्हटलं ठरलं, हीच. त्याच संध्याकाळी सगळी भावंडं जमली आणि मी मागे सरकतोय सरकतोय, पाठ कपाटाला टेकली तरी आत्याचा खांदा आणि काकांचं अर्धं डोकं फ्रेमच्या बाहेरच. आता डोक्याचा भुगा झालाय. नुसतं 'अमुक घे' नको, तुमची आवडती तुम्हाला कशी सापडली ते सांगा. फोटो जास्त करून घरातले, माणसांचे.

कोपऱ्यातला बाक
कपाटाला पाठ सगळ्यांचीच टेकून झालीय हो :) तुमचा सेन्सर क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, कॅननचा आकडा १.६, म्हणजे ५० लावली की फुल फ्रेमवर ८० लावल्यावर दिसेल तेवढंच दिसणार. ५० चं जे कौतुक आपण वाचतो ते बरंचसं फिल्मच्या जमान्यातलं. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ जन्मभर मुख्यतः ५० वरच राहिला खरा, पण त्याच्या लायका कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्म होती, त्याला ५० मधून जेवढं दिसायचं तेवढं तुम्हाला ३१-३२ च्या आसपास दिसेल.

आता मी काय केलं ते. आधी हुशारी केली, लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने फोटो फोकल लेंग्थप्रमाणे (लेन्सचा मिमीतला आकडा) गाळून बघितले, म्हटलं जो आकडा जास्त तीच लेन्स. निघालं काय तर दोन ढीग, एक १८ चा, एक ५५ चा, मधे चिटपाखरू नाही. म्हणजे इतकी वर्षं मी विचार करून झूम करतच नव्हतो, रिंग या टोकाहून त्या टोकाला भिरकावत होतो नुसती. मग झूमच्या रिंगला चक्क चिकटपट्टी लावली. एक आठवडा २४ वर, एक आठवडा ३५ वर. २४ ला पहिले दोन दिवस शिव्या घातल्या, फ्रेममध्ये सगळा पसाराच पसारा, आणि ३५ च्या आठवड्यात गुरुवारी पट्टी सुटून लोंबत होती ते मला रविवारी कळलं, कारण रिंगला हात लावावासाच वाटला नव्हता. माझी ३५ तेव्हा ठरली. तुम्हीही करून बघा, फुकट आहे.

जुनाट शटर
चिकटपट्टीला +१, पण ५० ला लगेच मोडीत काढू नका राव. किट लेन्स ५५ ला फार तर एफ/५.६ उघडते, त्याच्यापुढे १.८ म्हणजे जवळपास दहापट उजेड, जिथे १/२० सेकंदावर पोरगी हललेली येते तिथे १/२०० मिळतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली हाच सगळा फरक आहे. दुसरं म्हणजे चेहरा. २४ घेऊन तेवढाच चेहरा फ्रेममध्ये भरायचा तर नाकाला नाक लावावं लागतं आणि मग नाक बटाट्याएवढं येतं. लोक लेन्सला दोष देतात, बिचारीचा काही संबंध नाही, करामत सगळी अंतराची, लांबून काढून क्रॉप केला तर नाक जागेवर येतं.

माझ्याकडे कॅननची १९९० ची ५० एफ/१.८ टू होती, सगळी प्लास्टिकची, खेळण्यातली वाटायची, तिच्या अपर्चरला (उजेड आत सोडणाऱ्या भोकाला) पाचच पाती त्यामुळे थोडी बंद केली की मागचे दिवे पंचकोनी. तिच्याच २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत सात पाती आहेत आणि ती ३५ सेंमीपर्यंत जवळचं फोकस करते. जुनी ४५ वरच अडायची. तरी मला ते पंचकोन आवडायचे, काय करणार.

बुरशीग्रस्त
थोडं अवांतर. माझी आवडती रशियन हेलिओस ४४-२ आहे, ५८ मिमी एफ/२, फोकस हातानेच, मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. तुमच्या कॅननवर साध्या एम४२ अडॅप्टरने (जुन्या स्क्रूच्या लेन्स बसवायच्या कडीने) बसेल, निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र अडॅप्टरमध्ये काच नसेल तर लांबचं फोकस होत नाही. पण एकमेव लेन्स म्हणून नकोच, धावत्या पोरामागे ती रिंग फिरवताना रडाल.

आणि जुनी काहीही घेताना दोन्ही टोप्या काढून, अपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. मी नाही मारला. विकणारा म्हणाला 'नव्यासारखी आहे', घरी आणून बघतो तर आतल्या काचेवर कडेकडेने कोळिष्टकासारखी बुरशी, वरून पुसायचा प्रश्नच नाही कारण ती आत. आयडी तेव्हापासूनचा आहे.

अर्धवट_क्लिक
सगळ्यांचे आभार. पट्टी लावली, एक आठवडा २४, एक आठवडा ३५. ३५ वर मी उभा राहूनच फोटो काढत होतो, पोरगी तिकडे मी इकडे. २४ ला तिच्याशेजारी जमिनीवर बसावं लागलं, आणि बसलो की ती मला खेळात ओढते, मग फोटो कमी आले पण आलेले बघायला घरचे सगळे मोबाइलवर गोळा. तर २४ एफ/२.८ पॅनकेक (चपटी लेन्स) घेतोय, सव्वाशे ग्रॅमची आहे आणि १६ सेंमीपर्यंत जवळ जाते. जुनाटराव, उजेडाचं माहितीय, किट २४ ला तसंही एफ/४ च्या आसपास असते म्हणजे फायदा एका स्टॉपचाच (दुप्पट उजेडाचा), चालवून घेईन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवू.

पंचाईत एवढीच झालीय की मित्राची ५० परत द्यायला गेलो तर म्हणाला ठेव अजून महिनाभर, आणि खिडकीतला तो फोटो बायकोने फ्रेम करायला टाकलाय.

जुनाट शटर
महिनाभर ना? बरं बरं. पुढचा धागा 'दुसरी लेन्स घरात कशी आणावी' असा काढा, मी येतो तिथे.