उंदराला पाळीच येत नाही, मग अंतरा इंजेक्शनचं गर्भाशयाच्या अस्तरावर काय होतं ते कळलं कसं?

उपकेंद्र_सिस्टर:
आमच्याकडे अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या बायका पहिल्या डोसनंतर येतात आणि म्हणतात, "सिस्टर, रोज थोडं थोडं अंगावर जातंय." पुढे पाळी थांबली की त्याच म्हणतात, "घाण आत साठली असणार." परवा एक जण म्हणाली, तिचा भाचा सांगतो की या औषधांचे प्रयोग उंदरांवर होतात. उंदराला पाळी येत नाही, मग गर्भाशयाच्या अस्तराचं त्यातून काय कळणार? मला तिला नीट उत्तर द्यायचंय.

काचपट्टी:
सिस्टर, भाच्याचं अर्धं बरोबर आहे. उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं, रक्तस्राव नाही. म्हणून १९८४ साली फिन आणि पोप यांनी उंदराची पाळी घडवून आणली. अंडाशयं काढायची, आधी इस्ट्रोजेन, मग प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन द्यायची, गर्भाशयात थोडं तेल सोडायचं. अस्तर गर्भ आल्यासारखं फुगतं. मग प्रोजेस्टेरॉन बंद केलं की ते कोसळतं. पाळीत अस्तर तुटतं कसं आणि भरून येतं कसं, हे बघायला ही पद्धत आजही वापरतात.

पण तुमच्या बायकांचं रक्त हार्मोन चालू असताना जातं! तो प्रश्न वेगळा, म्हणून प्राणीही वेगळा. अंडाशयं काढलेल्या गिनीपिगना अंतरातलंच प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, देऊन पाहिलं. मी आयुष्यभर अशा काचपट्ट्या रंगवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या पृष्ठभागाला लागून फुगलेल्या रक्तवाहिन्या दिसतात, भिंत म्हणजे पेशींची एकच बारीक ओळ, आणि शेजारी सांडलेल्या लाल पेशी. अशी इंजेक्शनं घेणाऱ्या बायकांच्या अस्तराच्या तुकड्यातही अशाच नाजूक, रुंदावलेल्या वाहिन्या सापडतात. हे जुळलं म्हणून गिनीपिगवर विश्वास ठेवता येतो.

उपकेंद्र_सिस्टर:
आणि माकडांना कॅन्सर झाला होता म्हणतात, ते? हे ऐकून दोघींनी दुसरा डोस घेतलाच नाही.

गौरी_एमएस्सी:
झाला होता, लपवायचं कारण नाही. ऱ्हीसस माकडांना दहा वर्षं हे औषध दिलं. बाईच्या डोसच्या पन्नासपट घेणाऱ्या गटात दोन माद्यांना अस्तराचा कॅन्सर झाला. बीगल कुत्र्यांच्या स्तनातही गाठी आल्या होत्या. अमेरिकेत परवानगी १९९२ पर्यंत अडली ती मुख्यतः यामुळेच. पण माकडांतला तो कॅन्सर ज्या पेशींतून उगवला असं मानतात, त्या पेशी बाईच्या अस्तरात नसतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेने थायलंडसह काही देशांतल्या बायकांचा अभ्यास केला, तेव्हा इंजेक्शन घेणाऱ्यांत अस्तराचा कॅन्सर उलट कमी आढळला. माकडाला पाळी येते म्हणून त्याचं सगळंच आपल्याला लागू, असं धरू नका.

उपकेंद्र_सिस्टर:
मग "घाण साठली" म्हणणारीला काय सांगू?

काचपट्टी:
सांगा, आत काही साठलेलं नाही. औषधाने अस्तर पातळच राहतं, दर महिन्याला जाड होत नाही, म्हणून पडायला काही उरत नाही. सुरुवातीचं डाग पडणं हे त्या कच्च्या वाहिन्यांचं. मात्र रक्त भरपूर जात असेल, पोटात दुखत असेल किंवा डोसची तारीख चुकलेली असेल, तर समजूत घालत बसू नका. गरोदरपणाची तपासणी करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.