उपवासकाळात आवाज बंद केल्यावर काय ऐकू आले? अनुभव लिहावेत

ख्रिस्ती उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात. त्यांतले सहा रविवार वगळले की उरतो तो येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांची आठवण जागवणारा उपवासकाळ. या काळात अन्नाचा संयम आपण पूर्वीपासून पाळत आलो आहोत. कानांचा आणि डोळ्यांचा संयम मात्र अनेकांना नवा वाटतो. वास्तविक तो तितका नवा नाही. 26 फेब्रुवारी 2020 रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी, पोप फ्रान्सिस यांनी टीव्ही बंद करून बायबल उघडण्याचे आणि मोबाइलपासून दूर होऊन शुभवर्तमानाजवळ येण्याचे आवाहन केले. आपल्या लहानपणी टीव्ही नव्हता, पण उपवासकाळात रेडिओ न ऐकण्याची रीत होती, ही आठवणही त्यांनी त्याच वेळी सांगितली.

ज्यांनी असा प्रयत्न केला आहे त्यांनी काय बंद केले, काय चालू ठेवावे लागले आणि आवाज गेल्यावर त्या जागी नेमके काय आले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. फसलेले प्रयत्नही अवश्य लिहावेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी बातम्या, व्हिडिओ आणि चालताना कानात वाजणारी गाणी बंद केली. शांतता लगेच मिळेल अशी माझी अपेक्षा होती, पण पहिले आठ-दहा दिवस डोक्यातच सारे चालू राहिले: कामावरचे वाद, देणीघेणी, द्यायची राहून गेलेली उत्तरे. एका संध्याकाळी चालताना, तीन वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाला बोललेले एक वाक्य मला शब्दशः, त्याच चढ्या सुरात ऐकू आले आणि इतके दिवस मी ते गाण्यांखाली दडपून ठेवले होते हे ध्यानात आले. अरण्यात राहणाऱ्या प्राचीन ख्रिस्ती साधूंच्या वचनसंग्रहात मोशे नावाच्या साधूने शिष्याला दिलेला एक सल्ला आहे: जा, आपल्या खोलीत बस, ती खोलीच तुला सर्व काही शिकवील. हा सल्ला मला पूर्वी फार गोड वाटत असे. आता तो कठोर वाटतो, कारण खोली सर्वांत आधी आपल्याविषयीच शिकवते. चौथ्या आठवड्यात मी भावाकडे गेलो आणि ते वाक्य चुकीचे होते असे स्पष्ट सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. पूर्वी मी अशा वेळी खुलासे करत सुटलो असतो. त्या दिवशी मी त्याच्या समोर नुसता बसून राहिलो.

रात्रपाळी करणारी परिचारिका

माझ्या कामात फोन बंद ठेवता येत नाही आणि वॉर्डात शांतता तर नसतेच; मॉनिटर, सलाइनचे पंप, कुणाचा खोकला, कुणाचे कण्हणे हे सर्व रात्रभर चालूच असते. म्हणून मी फोनला घरात एक जागा ठरवून दिली. दाराजवळच्या फळीवर तो जुन्या लँडलाइनसारखा पडून राहू लागला. वाजला तर जाऊन उचलायचा, एरवी हात लावायचा नाही. कामावर मात्र विश्रांतीच्या वीस मिनिटांत तो उघडायचा नाही, एवढाच नियम केला. त्या वीस मिनिटांचे काय करावे हे मला सुरुवातीला खरोखर सुचत नसे. पुढे मी झोप न लागणाऱ्या एका आजींजवळ जाऊन बसू लागले. त्या फारसे बोलत नसत; त्यांचा श्वास संथ झाला की मी उठत असे. बायबलमधल्या होरेब पर्वतावर एलीया या संदेष्ट्याला देव वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत भेटला नाही, त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला, हे मी लहानपणापासून ऐकले होते. ती वाणी किती हळू असू शकते, याचा विचार मी त्या खुर्चीवर बसून प्रथमच केला.

एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका

पती गेल्यापासून माझ्या घरातला टीव्ही सकाळी सुरू होऊन रात्रीच बंद होत असे. मी तो पाहत नव्हते, घरात माणसांचा आवाज असावा एवढ्यासाठीच तो चालू होता. राखेच्या बुधवारी प्रार्थनेवरून आल्यावर मी त्यावर चादर टाकली. संध्याकाळी फ्रिजची मोटर थांबली आणि घर इतके रिकामे झाले की मी उठून उगीचच नळ सोडला. पाचव्या दिवशी मी त्यांचे नाव मोठ्याने उच्चारले. हयातीत मी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. त्यानंतर जे रडू आले ते दोन वर्षे थोपवलेले होते.

माझे येथे एक आग्रहाचे सांगणे आहे. जे एकटे राहतात आणि ज्यांचे दुःख ताजे आहे, त्यांनी हा नियम कुणाला न सांगता सुरू करू नये. मी बहिणीला सांगितले होते म्हणून ती रोज संध्याकाळी येत असे आणि तिच्याशी बोलता येत असे. तिसऱ्या आठवड्यापासून मी अर्धा तास टीव्ही लावण्याची स्वतःला मुभा दिली आणि त्याची मला मुळीच खंत नाही. मात्र आता तो काय लावायचा हे ठरवून लावते.

पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी

माझा पहिला प्रयत्न रविवारांनी फसला. रविवार चाळीस दिवसांत मोजला जात नाही, म्हणून मी त्या दिवशी सहा दिवसांचे सर्व व्हिडिओ सलग पाहत असे आणि सोमवारी मन पुन्हा पहिल्या पायरीवर येत असे. पुढच्या वर्षी मी लहान नियम केला: रात्री नऊपासून सकाळच्या प्रार्थनेपर्यंत कोणताही स्क्रीन नाही, रविवारीसुद्धा नाही. संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयाला एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो क्रमाने, संपूर्ण वाचावा असे सांगितले आहे. मला त्यातला ‘संपूर्ण’ हा शब्द फार उपयोगी पडला. मार्कच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय मी प्रथमच उड्या न मारता वाचले. पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो आणि शिष्य त्याला शोधत येऊन म्हणतात की सर्व लोक तुमचा शोध करीत आहेत. हे वाक्य आजच्या फोनलाही लागू पडते, असे मला वाटते.

कर्णनादाचा त्रास असलेले एक वाचक

माझ्या कानात गेली अनेक वर्षे बारीक शिट्टी वाजते. बाहेर शांत झाले की ती अधिक जाणवते, त्यामुळे रात्री मंद पंखा चालू ठेवणे मला आवश्यकच आहे. ‘पूर्ण शांतता’ हा नियम माझ्यासारख्यांना झेपणारा नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. मी आवाजाऐवजी वाद सोडले: चाळीस दिवस कोणत्याही चर्चेत मत लिहायचे नाही. शिट्टी तशीच आहे, परंतु तिच्यावरची चिडचिड पुष्कळ कमी झाली आहे.

एका मुलीची आई

काय फरक पडला असे मी सात वर्षांच्या मुलीला विचारले. ती म्हणाली, ‘आता तू माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतेस.’

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे

आपली उपासनाही या काळात आवाज कमी करते, हे वादकाला सर्वांत आधी कळते. आलेलुया हा स्तुतिघोष गायिला जात नाही आणि चौथा रविवार व मोजके सण सोडले तर वाद्य केवळ गायनाला आधार देण्यापुरते वाजवायचे असते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर मी पूर्वी सवयीने काहीतरी वाजवीत असे. आता हात मांडीवर ठेवून बसतो आणि लोकांच्या पावलांचा आवाज ऐकतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि मग थेट ईस्टरच्या जागरणविधीतल्या गौरवगीतापर्यंत त्या मुक्या राहतात. या वर्षी मी त्या दोन दिवसांत घरीही संगीत लावले नाही. शनिवारी रात्री घंटा सुरू झाल्या तेव्हा माझी बोटे पट्ट्यांवर तयार होती, पण पहिला सूर मला क्षणभर उशिराच लागला, कारण मी ऐकत राहिलो होतो.