लोक्युटस झालेल्या कॅप्टनला पुन्हा जहाज देणे योग्य होते का?

नीलध्वज:
‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतील एंटरप्राइज या अंतराळजहाजाचा कॅप्टन पिकार्ड याच्याविषयीची ‘पिकार्डचा दोष नव्हता, विषय संपला’ ही इथली कालची पोस्ट वाचल्यापासून सलते आहे, म्हणून सविस्तर लिहितो. 1990 साली दोन भागांत दाखवलेल्या कथेत बॉर्ग या अर्धे यंत्र, अर्धे सजीव असलेल्या शत्रूंनी त्याला पळवून नेले, शरीरात यंत्रे रोवली, ‘लोक्युटस’ नाव देऊन आपल्यातलाच एक बनवले आणि त्याच्याच डोक्यातील युद्धज्ञान वापरून वुल्फ 359 या ताऱ्याजवळच्या लढाईत त्याच्याच बाजूची 39 जहाजे आणि सुमारे 11,000 माणसे संपवली. तो गुन्हेगार नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु निर्दोष असणे वेगळे आणि जहाज सांभाळण्यास पात्र असणे वेगळे. भावाच्या गावी जाऊन चिखलात बसून रडला आणि लगेच एंटरप्राइज पुन्हा ताब्यात! कोणत्या सैन्यात हे चालते?

शुक्रतारा:
शत्रूच्या कैदेतून सुटलेले अधिकारी पुन्हा कामावर रुजू होतात, एवढे तरी आपणांस ठाऊक असावे. शिवाय पिकार्डचे हृदय तरुणपणीच्या मारामारीपासून कृत्रिमच होते. अंगात यंत्र असणे हाच आक्षेप असेल तर तो आधीच घ्यायचा होता.

नीलध्वज:
कृत्रिम हृदय आणि लोक्युटस यांना एकाच तागडीत तोलू नका. हृदय हुकूम देत नाही.

अर्धविराम:
माझ्या वडिलांना पेसमेकर होता. तपासणीच्या वेळी तंत्रज्ञ पडद्यावरचा आकडा बदलत असे आणि वडिलांना छातीतले ठोके वाढलेले तत्क्षणी जाणवत. तेवढा वेळ आपण आपले नसतो, असे ते चिडून म्हणत, आणि घरी परतल्यावर कोणी अडवले तरी जिना चढूनच वर जात. त्यामुळे ‘हृदय हुकूम देत नाही’ हे वाक्य मला फार सोपे वाटते; अंगात यंत्र किती आहे यापेक्षा त्याची कळ कोणाच्या हाती आहे, हे पाहावे.

नीलध्वज:
आपल्या वडिलांविषयी आदर आहे, परंतु त्यांच्या पेसमेकरने कोणाचे आरमार बुडवले नाही. कळीचेच म्हणत असाल तर सांगा: लोक्युटसच्या आतून बॉर्गांना निद्रिस्त करण्यासाठीचा ‘झोप’ हा शब्द त्याच्या जहाजावरील यंत्रमानव अधिकारी डेटा याच्यापर्यंत पोहोचवण्याइतका पिकार्ड शिल्लक होता, तर 39 जहाजे जळताना तो कुठे होता?

शुक्रतारा:
हे लिहिताना लाज कशी वाटली नाही? डेटाने स्वतःला त्याच्याशी जोडून घेतल्यावरच त्याला वाट मिळाली. त्याआधी तो झगडत होता आणि हरत होता, हेच तर तो चिखलात बसून भावाला सांगतो. आपण रडणे तेवढे पाहिलेत, कारण ऐकले नाहीत.

नीलध्वज:
बरे, ‘कुठे होता’ हे मागे घेतो. आपला विजय साजरा करा. मात्र 1996 च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ चित्रपटात स्टारफ्लीट, म्हणजे पिकार्डचे अंतराळ आरमार, त्याला बॉर्गविरुद्धच्या लढाईपासून मुद्दाम दूर ठेवते, म्हणजे माझी शंका त्यांनाही होती.

अर्धविराम:
तो आज्ञा मोडून तिथे पोहोचतो आणि नेमका कुठे मारा करायचा हे त्यालाच कळते, कारण बॉर्गांचा आवाज त्याला अजून ऐकू येतो. हे सोयीस्करपणे गाळलेत.

नीलध्वज:
शत्रूचा आवाज अजून ऐकू येणारा कॅप्टन हा आपल्या बाजूचा पुरावा असेल, तर तो आपल्याकडेच ठेवा. ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेचा नायक सिस्को याची पत्नी वुल्फ 359 लाच मारली गेली. त्या मालिकेत 1993 साली तो पिकार्डसमोर येतो तेव्हाचा त्याचा चेहरा पाहा आणि मग मला निष्ठुर म्हणा. रीतसर चौकशी करून जहाज दिले असते, तर मी हा धागा काढलाच नसता.